टीव्हीच्या पडद्यावर उमटलेला ठसा आणि पडद्याची बाकीची दुखणी: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

चॅनल बदललं तरी आधीच्या वृत्तवाहिनीचा लोगो कोपऱ्यात पुसट दिसत राहतो. ब्रेकिंग न्यूजची पट्टी जिथे चालते तिथे पडदा मळकट वाटतो. याला बर्न-इन म्हणतात आणि महागाचे टीव्ही घराघरांत आल्यापासून ही तक्रार वाढली आहे. पण दुकानात किंवा फोनवर सांगताना पडद्यावरच्या उभ्या रेषा, पांढरे ठिपके, आवाज येतोय पण चित्र नाही, हे सगळंच ‘स्क्रीन गेली’ या दोन शब्दांत बसवलं जातं आणि भलत्याच दुरुस्तीवर पैसे जातात. आपल्याकडच्या बहुतेक पडद्यांना खरा त्रास होतो तो उष्णतेचा, ओलीचा आणि विजेचा. बर्न-इनचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून आधी निदान, मग उपाय, मग खर्च, या क्रमाने जाऊ.

आधी पडदा कोणता ते बघा

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा टीव्ही प्रत्यक्षात एलसीडी असतो. एलईडी दिवे फक्त मागून उजेड देतात. क्यूएलईडीही त्याच जातीचा. ओएलईडीचं मात्र वेगळं आहे. तिथे मागे दिवेच नसतात, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतः पेटतो आणि काळं दाखवायचं असेल तर विझतो. रात्री हॉलमधले सगळे दिवे बंद करून पूर्ण काळा व्हिडिओ लावला की साध्या एलसीडीवर राखाडी उजेड दिसतो, ओएलईडी बंद असल्यासारखा वाटतो. काही भारी एलसीडीसुद्धा मागचे दिवे विझवतात, त्यामुळे या खुणेपेक्षा मॉडेल नंबरवर विश्वास ठेवा.

प्लाझ्मा अजून कुणाच्या भिंतीवर असेल तर तो जड आणि तापणारा म्हणून ओळखू येतो. मोठ्या कंपन्यांनी २०१३-१४ च्या सुमारास प्लाझ्मा बनवणं थांबवलं. त्याच्यावर आता पैसे घालू नका.

ठसा नेमका कशाने उमटतो

ओएलईडीतले प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ जितके तास आणि जितक्या प्रखरतेने पेटतात तितके मंद होत जातात. निळा प्रकाश देणारा पदार्थ सगळ्यांत लवकर थकतो. एलजीच्या ओएलईडी पॅनलमध्ये पांढरा प्रकाश रंगीत फिल्टरमधून जातो, तर सॅमसंगने २०२२ मध्ये आणलेल्या क्यूडी-ओएलईडीत निळ्या प्रकाशापासून बाकीचे रंग तयार होतात. रचना वेगळी असली तरी झीज दोन्हींत होते. जुन्या चाळीच्या जिन्यात पायरी मधोमध खोलगट होते तसंच हे आहे: लोगोखालचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त राबलेले असतात, म्हणून तेवढा भाग मंद दिसतो. पडद्यावर काही चिकटलेलं नसतं, त्यामुळे पुसून, घासून किंवा कुठलं ॲप चालवून तो भाग पूर्ववत होत नाही.

एलसीडीवर असा ठसा दिसला तर बहुतेक वेळा तो तात्पुरता असतो. तेच चित्र तासन्‌तास राहिलं की द्रव स्फटिकाच्या थरात विद्युतभार साचतो आणि जुन्या चित्राची सावली राहते. टीव्ही काही तास बंद ठेवला किंवा हलतं चित्र लावलं की ती जाते. एलसीडीचं खरं दुखणं मागच्या बाजूला असतं: दिवे, त्यांचा उजेड पसरवणारी प्लास्टिकची पाटी आणि परावर्तक कागद. पडदा सडपातळ दिसावा म्हणून ज्यांत दिवे फक्त कडेला बसवलेले असतात, त्यांत थोड्या जागेत फार उष्णता साठते. आरटिंग्ज या चाचणी संस्थेने शंभर टीव्ही दीर्घकाळ चालवून पाहिले तेव्हा अशा कडेच्या दिव्यांच्या टीव्हींतच पाटीला तडे जाणं, कागद सुरकुतणं आणि चित्रात असमान डाग पडणं हे प्रकार ठळकपणे समोर आले.

याच संस्थेने २०१८ मध्ये एलजीचे सहा सारखे ओएलईडी रोज २० तास चालवले. कुणावर बातम्या, कुणावर फुटबॉल, कुणावर व्हिडिओ गेम. पूर्ण प्रखरतेने बातम्या चालणाऱ्या पडद्यावर ठसा स्पष्ट उमटला. एकच चित्र स्थिर न राहणारा कार्यक्रम ज्याच्यावर होता तो तेवढेच तास चालूनही बराच शाबूत राहिला. टीव्ही किती तास चालला यापेक्षा तो काय दाखवत चालला, हे जास्त महत्त्वाचं आहे.

घरच्या घरी तपासणी

संध्याकाळी पडदे ओढून घ्या आणि टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या. यूट्यूबवर एकरंगी पडद्यांचे तपासणी व्हिडिओ मिळतात. आधी मध्यम राखाडी, मग गडद राखाडी, मग लाल, हिरवा, निळा, पिवळा असे एकेक लावून पाहा. बर्न-इन असेल तर ठशाचा आकार ओळखीचा असतो: लोगो, पट्टी, क्रिकेटचा स्कोअर, लॅपटॉप जोडत असाल तर खालची टास्कबार. लाल पट्टीच्या बातम्या भरपूर पाहिल्या असतील तर तो भाग लाल पडद्यावर जास्त उठून दिसतो. राखाडीवर नुसतेच ढगाळ पट्टे किंवा डाग दिसले, त्यांना ठराविक आकार नसला, तर तो पॅनलच्या बनावटीतला असमानपणा समजा. नव्या टीव्हीतही तो थोडाफार असतो.

पुढची तपासणी फार जण करत नाहीत, पण ती सगळ्यांत उपयोगी आहे. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेषा किंवा डाग मेनूवरूनही जात असेल तर दोष टीव्हीत आहे. मेनू स्वच्छ असेल तर दोष सेट-टॉप बॉक्समध्ये किंवा एचडीएमआय केबलमध्ये. केबल बदलून पाहा, मगच मेकॅनिकला फोन लावा.

जे दिसलं त्याचे फोटो काढा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून. टीव्ही रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा तेच रंग लावा. ठसा फिका झाला असेल तर तो तात्पुरता होता. जसाच्या तसा असेल तर पुढे वाचा.

ओएलईडी असेल तर: भिंतीवरचं बटण बंद करू नका

आपल्या घरांत झोपण्याआधी टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायची सवय पक्की आहे. साध्या टीव्हीला त्याने काही होत नाही, ओएलईडीचं मात्र नुकसान होतं. एकूण चारएक तास चालून झाल्यावर तुम्ही रिमोटने टीव्ही बंद केला की तो पडदा काळा ठेवून आतल्या आत पिक्सेल मोजतो आणि कुठला किती थकला त्याप्रमाणे वीज जुळवून घेतो. एलजीच्या टीव्हीतून त्या वेळी मागे ‘टक्‌’ असा रिलेचा आवाज येतो. याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ टीव्हीला वीज मिळायला हवी. रिमोट दाबून लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं तर हे काम कधीच पुरं होत नाही. महिनोन्‌महिने असंच चाललं की ठसा लवकर येतो आणि घरातले म्हणतात, आम्ही तर टीव्ही फार जपून वापरला.

स्टँडबायला टीव्ही अर्धा वॅट किंवा त्याहून कमी खातो. दिवसरात्र धरला तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. बिलाची काळजी नको. फक्त वळवाच्या पावसात आकाश कडाडत असेल तेव्हा प्लग सरळ उपसून ठेवा. तिथे वीज पडण्याचा धोका मोठा.

यापेक्षा खोलवरची दुरुस्ती एलजीच्या टीव्हीत साधारण २००० तासांनी आपोआप होते आणि तिला तासभर लागतो. रोज पाच तास टीव्ही चालत असेल तर हे सव्वा वर्षाच्या आत एकदा येतं. सेटिंग्जमध्ये ती हातानेही चालवता येते; नावं कंपनीप्रमाणे पिक्सेल रिफ्रेशर, पिक्सेल रिफ्रेश, पॅनल रिफ्रेश अशी. ठसा दिसू लागला असेल तर एकदा चालवा. वारंवार मात्र नको. सोनी स्वतःच सांगते की हे वर्षातून एखाद्या वेळेस पुरे आणि खोलीचं तापमान १० ते ४० अंशांच्या मध्ये असावं. मेच्या दुपारी बंद हॉलमध्ये करण्यापेक्षा रात्री करा. मधेच पांढरी रेघ दिसली तर घाबरू नका, तो प्रक्रियेचाच भाग असतो. वीज जाण्याची शक्यता असेल, महावितरणचा देखभालीचा मेसेज आला असेल, तर त्या दिवशी टाळा.

यूट्यूबवर ‘बर्न-इन घालवा’ म्हणून भराभर रंग बदलणारे तासातासाचे व्हिडिओ आहेत. तात्पुरती सावली त्याने जाऊ शकते. खरी झीज त्याने भरून येत नाही, उलट बाकीचे पिक्सेलही झिजवून सगळा पडदा म्हातारा होतो. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी रात्रभर ते लावून ठेवू नका.

रोजच्या वापरात काय बदलायचं

दुकानातून आलेला टीव्ही बरेचदा ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. दुकानाच्या दिव्यांत तो भडक दिसावा म्हणून ती सोय असते. घरी ‘स्टँडर्ड’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा आणि ओएलईडी लाइट किंवा बॅकलाइट रात्रीच्या पाहण्यासाठी निम्म्यावर आणा. डोळ्यांना पहिले दोन दिवस फिकं वाटेल, मग सवय होते. एलसीडीचे दिवेही याने जास्त टिकतात, म्हणून हा बदल दोन्ही जातींसाठी आहे.

ओएलईडीत पिक्सेल शिफ्ट, लोगोची प्रखरता कमी करण्याची सोय आणि स्क्रीन सेव्हर हे तिन्ही चालू ठेवा. चित्र किंचित सरकतंय किंवा लोगो मंदावतोय असं वाटून अनेक जण ते बंद करतात. करू नका.

आता एक गोष्ट जी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही. सकाळी आपल्याकडे टीव्हीवर यूट्यूब लावून भूपाळ्या, अभंग, हरिपाठ चालतो. पडद्यावर विठ्ठलाचा एकच फोटो, खाली चॅनलचं नाव, कडेला सबस्क्राइबचं चिन्ह, आणि हे सगळं तास-दीड तास जागचं न हलता. घरातलं माणूस स्वयंपाकघरात असतं, पडद्याकडे कुणी बघत नाही. यूट्यूब वाजत असल्यामुळे स्क्रीन सेव्हरही लागत नाही. बऱ्याच टीव्हींत ‘स्क्रीन ऑफ’ किंवा ‘पिक्चर ऑफ’ अशी सोय असते: आवाज चालू, पडदा बंद. ती शोधून रिमोटच्या एखाद्या बटणावर ठेवा आणि आईला, सासूबाईंना दाखवून द्या. किंवा अभंगांसाठी ब्लूटूथ स्पीकर घ्या. डीटीएचवरचे गाण्यांचे चॅनल आणि थांबवून ठेवलेला गेम यांनाही हेच लागू.

घरात दिवसभर बातम्या चालत असतील तर वाहिनी बदलत राहा, निदान जाहिरातीत तरी. आजोबांना बातम्या बंद करा म्हणून सांगणं बरोबर नाही आणि उपयोगाचंही नाही. त्यांच्यासाठी खोलीत छोटा एलसीडी लावणं हा जास्त चांगला मार्ग.

एलसीडीत चित्रच नसेल तर

आवाज येतोय, पडदा काळा आहे. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागचे दिवे गेले आहेत. दिव्यांच्या पट्ट्या माळेसारख्या जोडलेल्या असतात. एक दिवा गेला की सगळी पट्टी किंवा सगळा पडदा जातो. दुरुस्तीवाला एकच दिवा बदलून देतो म्हणाला तर ऐकू नका. बाकीचे तितकेच जुने असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा टीव्ही उतरवावा लागतो. पूर्ण स्ट्रिप सेट बदला आणि त्यानंतर बॅकलाइट कमी ठेवा.

पडद्यावर गोल, जास्त उजळ ठिपके आले तर दिव्यावरची प्लास्टिकची भिंग निखळून पडलेली असतात. चित्र निळसर-जांभळं झालं असेल तर दिव्यांवरचा फॉस्फरचा थर खराब झालाय. दोन्हींना उपाय तोच, पट्ट्या बदलणे. अर्धा पडदा काळा किंवा सगळं चित्र फाटल्यासारखं दिसत असेल तर टी-कॉन बोर्ड (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारं सर्किट) किंवा त्याच्या पट्टीची केबल आधी तपासायला सांगा. हे तुलनेने स्वस्तात सुटतं. एखादी बारीक उभी रेघ कायम असेल तर पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या चिपच्या फिती सुटलेल्या असतात. मशीनवर त्या पुन्हा जोडण्याला दुकानदार ‘बाँडिंग’ म्हणतात. ते टिकेलच असं नाही, म्हणून लेखी गॅरंटी मिळाल्याशिवाय करू नका.

टीव्ही स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात. पट्ट्या बदलताना कागदासारखी काच उचलावी लागते, ती घरी जमिनीवर चादर टाकून एकट्याने उचलणारा मेकॅनिक असेल तर टीव्ही दुकानात न्यायला सांगा. तिथेच सगळ्यांत जास्त पॅनल फुटतात.

खाडीकाठची हवा, ओली भिंत आणि वीज

जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओल भरलेली असते. वाशी, नेरुळ, कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या जुन्या इमारती असोत की ठाण्यातल्या जुन्या सोसायट्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला आतून ओल येते आणि बरेचदा टीव्ही नेमका त्याच भिंतीवर असतो. पावसाळ्यात टीव्हीच्या मागे हात घालून पाहा. भिंत गार आणि दमट लागली, रंगाला फुगे आले असतील तर टीव्ही दुसऱ्या भिंतीवर हलवा. ते शक्य नसेल तर स्टँडवर ठेवून भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ तरी चालवा. आतली उष्णता ओल सुकवते. महिनाभर गावी गेलात तर आल्यावर आधी खिडक्या उघडून घर हवेशीर करा, मग टीव्ही लावा.

खाडीचा गाळ आणि उघड्या नाल्यांमधून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू तांबं आणि चांदी खातो. नाल्याजवळच्या घरांत एसीची कॉइल पुन्हा पुन्हा गळते ती याच कारणाने. टीव्हीतल्या दिव्यांच्या आणि कनेक्टरच्या धातूलाही तो काळवंडवतो. ऐरोली, कोपरी किंवा कळव्याच्या खाडीकडेला घर असेल आणि वास येत असेल तर त्या बाजूची खिडकी टीव्हीच्या समोर उघडी ठेवू नका.

नव्या फ्लॅटमध्ये इंटिरियरवाले टीव्ही पॅनलिंगमध्ये खोल बसवून चारही बाजूंनी प्लायने बंद करतात. दिसायला सुंदर, पण गरम हवेला वाट नाही. कपॅसिटर १० अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर आणि कडेला चार बोटं जागा सोडायला आधीच सांगा. गणपतीची आरासही टीव्हीला टेकवू नका, आरतीच्या वेळी टीव्ही बंद ठेवा; धूप-कापराची काजळी मागच्या झरोक्यांतून आत जाते.

आणि पुसताना स्प्रे थेट पडद्यावर कधीही मारू नका. दिवाळीच्या साफसफाईत किती पडदे जातात ते दुरुस्तीवाल्यांना विचारा. थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतो आणि बहुतेक पडद्यांत तिथेच त्या चिपच्या फिती असतात. दोन दिवसांनी उभ्या रेषा येतात, कारण कुणाला कळत नाही. काच पुसायचं औषध पडद्यावरचा चमक रोखणारा थरही उडवतं. टीव्ही बंद आणि थंड असताना कोरडं मायक्रोफायबरचं फडकं फिरवा. डाग असेल तर फडकं किंचित ओलं करा, पडदा नाही.

विजेचं थोडक्यात. मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही. खरा धोका आहे तो न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटण्याचा. सोसायटीच्या मीटर रूममध्ये न्यूट्रल सैल झाला तर काही फ्लॅटमध्ये २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो आणि एका रात्रीत अनेक घरांचे टीव्ही, फ्रिज जळतात. जास्त व्होल्टेज येताच वीज तोडणारं उपकरण घरच्या बोर्डात बसवून घ्या आणि न्यूट्रलच्या जोडण्या वर्षातून एकदा घट्ट करून घ्यायला सोसायटीच्या कमिटीला लेखी सांगा. सर्ज प्रोटेक्टर घेतलात तर अर्थिंग आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. अर्थिंग नसेल तर तो फार काही वाचवत नाही. वादळात डिशची वायरही काढा. एचडीएमआय पोर्ट बरेचदा तिकडून जळतो.

वॉरंटी आणि तक्रार

बर्न-इन बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून टीव्ही घेतानाच कार्डावरचा तो मजकूर वाचा. पण रेषा, दिवे, अचानक काळा पडदा हे दोष वॉरंटीत येतात आणि ‘ओल लागली’ एवढं तोंडी बोलून सर्व्हिसवाला ते नाकारत असेल तर तपासणीचा अहवाल लेखी मागा. पॅनल बदलायची किंमत बरेचदा नव्या टीव्हीच्या जवळ जाते, त्यामुळे इथे चिकाटी ठेवणं रास्त आहे.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि दोष कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. वकील लागतोच असं नाही. बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसच्या नोंदींचे मेसेज आणि तारखेसह काढलेले पडद्याचे फोटो एकत्र ठेवा.

पुढचा टीव्ही घेताना

रात्री दिवे मालवून सिनेमे, मालिका बघणाऱ्यांनी ओएलईडी खुशाल घ्यावा, त्याच्यासारखं चित्र दुसरं नाही. हॉलमध्ये दिवसभर बातम्या, शेअर बाजाराचे आकडे किंवा लॅपटॉप चालत असेल तर पूर्ण पाठीमागून दिवे असलेला एलसीडी घ्या, कडेच्या दिव्यांचा अतिपातळ टाळा. शोरूममधला डिस्प्ले पीस ओएलईडी कितीही सवलतीत मिळाला तरी नको. तो महिनोन्‌महिने व्हिव्हिडवर एकच डेमो दाखवत उभा असतो. जुना ओएलईडी कुणाकडून घेत असाल तर एलजीच्या अनेक मॉडेलांत सपोर्टमधल्या टीव्हीच्या माहितीत एकूण चाललेले तास दिसतात. ते बघा, वर सांगितलेले राखाडी आणि लाल पडदे विक्रेत्याच्या घरीच लावून पाहा आणि तिथे भिंतीवरचं बटण रोज बंद करतात का तेही विचारा.